टक्केनाना

टक्केनाना आयुष्यात एकदाही चुकलेले नाहीत. यात हुशारीचा भाग आहेच, पण त्याहून मोठा भाग बोलण्याच्या पद्धतीचा आहे. वाडीतले भजनीबुवा ‘गौरी येताना पाऊस उघडणार’ असं ठणकावून सांगतात आणि गौरी भिजत आल्या की दोन दिवस तोंड लपवत फिरतात. पोलीस पाटील ‘हायवे दिवाळीपर्यंत पुरा होतोय’ म्हणतात. कुठली दिवाळी ते सांगायचं 2011 पासून राहून गेलंय. नाना असल्या फंदात पडत नाहीत. ते म्हणतात, “सत्तर टक्के.” घडलं तर ते सत्तरांतलं घडलं, नाही घडलं तर तिसांतलं. दोन्ही बाजूंनी नानाच बरोबर. त्यांना चुकीचं ठरवायचं तर तिसरंच काहीतरी घडवायला हवं, आणि ती सोय ब्रह्मदेवानेही ठेवलेली नाही.

असा माणूस बहुधा प्रत्येक वाडीत एक असतो. आमच्याकडचा जरा जास्त शिकलेला आहे, इतकंच. नानांनी मुंबईत एका विमा कचेरीत उभं आयुष्य काढलं. तिथे माणसांची वयं आणि मरणं यांचे तक्ते असतात. पन्नाशीतल्या हजार माणसांपैकी यंदा साधारण किती जातील ते तक्ता सांगतो, कोण जाईल ते सांगत नाही, आणि कंपनीला ‘कोण’शी कर्तव्यही नसतं. हे सूत्र घेऊन नाना निवृत्त झाले आणि गावी आले. गावाला नेमकं ‘कोण’शीच कर्तव्य असतं. इथूनच सगळ्या भानगडीला सुरुवात झाली.

आमची वाडी कशेडी घाटाच्या अलीकडची. घाटाच्या या अंगाला रायगडातला पोलादपूर तालुका, त्या अंगाला रत्नागिरीतला खेड. एरवी पत्त्यांना चार भिडू जमायचे तर चार घरं धुंडाळावी लागतात, कारण तरणेताठे सगळे मुंबई-ठाण्याला. भाद्रपदात मात्र चाकरमानी उतरतात आणि ओटी-ओटीवर डाव बसतो. गणपतीजवळचा दिवा विझू द्यायचा नाही म्हणून जागरण, जागरणात झोप येऊ नये म्हणून आधी भजन, मग जाखडी, आणि बुवांचा आवाज बसला की पत्ते.

पैसे लावायचे नाहीत, भुईमुगाच्या शेंगा लावायच्या, हा दंडक नानांनीच घातला. एका रात्री त्यांनी पोलीस पाटलांना 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा समजावून सांगितला. मग 1968 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. त्यात रमी हा बव्हंशी कौशल्याचा खेळ मानला गेला आणि तीन पत्ती निव्वळ नशिबाच्या खात्यात गेली. पाटलांच्या हातात त्या वेळी तीनच पत्ते होते. त्यांनी ते चटकन सतरंजीखाली सारले. आमच्या टेबलाचे, म्हणजे सतरंजीचे, दुसरे आधारस्तंभ म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आबा. त्यांनी विचारलं, “नाना, शेंगांवर पण धाड पडंल काय?”

“पाच टक्के.”

“मग फोडून ठेवतो. दाण्यांवर कायदा नसंल.”

डावात बसलेले नाना बघण्यासारखे असतात. पानं हातात आली की डोळे अर्धे मिटतात, ओठ हलू लागतात, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागतो. ठाण्याहून पहिल्यांदाच गणपतीला आलेल्या एका नव्या सुनेला वाटलं, घरातले वडीलधारे जप करताहेत. तिने डोक्यावर पदर घेऊन वाकून नमस्कार केला. नानांनी डोळे न उघडता आशीर्वाद दिला, “चार छेद एक्कावन्न.”

त्यांचं आवडतं पान एक्का. बावन्नांत एक्के चार, म्हणजे पहिलंच पान एक्का निघण्याची शक्यता तेरात एक. तो निघाला आणि बाहेर राहिला, तर पुढचं पानही एक्का असण्याची शक्यता एक्कावन्नात तीन. लागोपाठ दोन एक्के म्हणजे दोनशे एकवीसात एक. हे सगळं ते पान ओढता ओढता बोलतात, त्यामुळे त्यांना एक्का आला की नाही ते साऱ्या ओटीला कळतं. आकडा उत्साहाने सांगितला तर आला, उदास होऊन सांगितला तर नाही. इतकं अचूक गणित आणि इतका उघडा चेहरा एका माणसाला देऊन देवाने शिल्लक चुकती केली असावी.

दुकानदार तात्यांचं गणित वेगळं. “काल रातभर एक्का दिसला नाय, म्हंजे आज येनारच.” यावर नाना कळवळतात. खरं म्हणजे तात्या चुकतात ते अर्धंच, आणि हा अर्धा भाग समजावून सांगण्यात नानांच्या अनेक रात्री खर्ची पडल्यात. एकाच डावात पानं ओढून बाजूला ठेवत गेलात आणि पहिल्या बारांत एक्का निघाला नाही, तर उरलेल्या चाळीसांत चारही एक्के आहेत. तेरात एक होती ती शक्यता आता दहात एक झाली. इथे ‘आला नाही म्हणून येईल’ हे बोलणं रास्त आहे. पण पानं गोळा करून पुन्हा पिसली की सगळं पुसलं गेलं, परत तेरात एक.

“तात्या, पिसलेल्या पानांना कालचं आठवत नाही हो.”

“पानांना नसंल आठवत,” तात्या म्हणाले, “पर किती शेंगा हारलो त्ये आमच्या घरात आठवतंय ना!”

नानांची सर्वांत जुनी तक्रार तीन पत्तीबद्दल आहे. बावन्न पानांतून तीन पानं बावीस हजार शंभर प्रकारांनी येऊ शकतात. त्यात चारात तीन वेळा हाती काहीच लागत नाही, नुसतं मोठं पान. जोडी शंभरात सतरा वेळा. आणि खेळात सर्वांत वरचा मान ट्रेलचा, म्हणजे तीन एक्के, तीन राजे किंवा तीन दुर्र्या. असे ट्रेल बावन्न बनतात. त्याखालचा मान प्युअर सिक्वेन्सचा: एकाच चिन्हाची ओळीने तीन पानं. एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत अशा बारा माळा, आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर धरून अठ्ठेचाळीस. म्हणजे प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ! जे दुर्मीळ त्याला मान जास्त, हा खेळाचा पायाच असेल, तर साऱ्या देशात वर्षानुवर्षं अन्याय चाललाय. तो कुणाच्या लक्षात नाही, लक्षात आला तो पोलादपूर तालुक्यात एकट्या नानांच्या.

ही गोष्ट त्यांनी तत्त्वज्ञान म्हणून ठेवली असती तर बरं झालं असतं. पण एका रात्री त्यांच्या हाती बदामाची सत्ती-अठ्ठी-नव्वी आली आणि कंडक्टर आबांनी तीन दुर्र्या टाकल्या. आबांनी शेंगांच्या ढिगाकडे हात नेला. नानांनी तो धरला. त्यानंतर बराच वेळ भाषण झालं. त्यात बावीस हजार शंभर, बारा माळा, चार चिन्हं सगळं आलं. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. नोकरीत त्यांनी सुट्ट्या पैशांवरून झालेली याहून लांब भाषणं ऐकली होती.

“नाना, तुमचे प्रकार किती?”

“अठ्ठेचाळीस.”

“आन् माझे?”

“बावन्न.”

“मग झालं तर. बावन्न मतं पडलेला निवडून येतो. लोकशाही हाय.”

ढीग आबांकडे गेला. नाना त्या रात्रीपासून लोकशाहीबद्दल टक्क्यांत बोलतात.

पिसण्याचा विषय त्याहून नाजूक. अमेरिकेतल्या बायर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवून दिलं, की गड्डीचे दोन भाग करून पानं एकमेकांत फरफर सोडली, तर असं सातेक वेळा केल्यावर पत्ते नीट मिसळतात. आणि आपण करतो तसं, हातातल्या हातात चवडीवर चवड सरकवून पिसायचं, तर तेवढ्याच मिसळणीला हजारो वेळा पिसावं लागेल. हे नानांना ठाऊक झालं हा आमच्या ओटीच्या इतिहासातला काळा दिवस. सात वेळा फरफर करायला बोटं वळत नाहीत आणि दोनदा पिसून वाटायला मन धजत नाही. त्यामुळे वाटायची पाळी नानांची आली, की माणसं उठून पाय मोकळे करतात, घरी जाऊन गुरांना बघून येतात, एखादा डुलकी काढतो. परत येतात तेव्हा नाना पिसतच असतात.

“झालं का नाना?”

“अजून पुरेसे बेशिस्त झाले नाहीत.”

मग पिसलेल्या गड्डीकडे ते असे बघतात, की बाकीच्यांना उगाच अपराधी वाटतं. बावन्न पानांच्या मांडण्या किती? तो आकडा अडुसष्ट अंकी आहे. नानांच्या मते, नीट पिसलेली गड्डी जशी आत्ता लागली आहे तशी जगात आजवर कधीही, कुणाच्याही हातात लागली नसेल. ही शक्यता जवळजवळ शंभर टक्के. ‘जवळजवळ’वर ते जोर देतात. म्हणजे आपण रोज रात्री विश्वात पहिल्यांदाच घडणारी गोष्ट बघतो आहोत. तात्यांनी आपली पानं उचलून बघितली आणि म्हणाले, “विश्वात पहिल्यांदा व्हतंय, तरी माझ्याकडं दुर्री-तिर्रीच कशी?”

या विद्येचं मूळ परदेशात आहे असं कुणी म्हटलेलं नानांना खपत नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, 1150 च्या सुमारास, हाच हिशेब आहे: शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून किती प्रकारांनी देता येतील? छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. हरीच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, कमळ किती प्रकारांनी? चोवीस. इथवर ठीक होतं. पण नानांची नजर समोरच्या मखराकडे गेली. पाश, अंकुश, मोदक आणि आशीर्वाद: चार हात, चार गोष्टी, चोवीस प्रकार. आणि पेणहून येणाऱ्या मूर्ती बघाव्यात तर पुष्कळशा एकाच ठरावीक पद्धतीच्या. “बाकीचे तेवीस वाया चालले आहेत,” असं नाना ऐन आरतीच्या आधी म्हणाले. बुवांनी मृदंगावर थाप मारली ती तालासाठी नव्हती.

अर्धवट राहिलेला डाव मात्र नानांचं खरं क्षेत्र. आमच्याकडे डाव अर्धवट राहायला कारणं भरपूर. लाइट जाते, कुणाची गाय सुटते, पहाटेची आरती उभी राहते. तेव्हा ढिगाची वाटणी कशी करायची? 1654 साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गृहस्थांनी एकमेकांना पत्रं लिहिली ती याच प्रश्नावर, आणि संभाव्यतेचं शास्त्र तिथून मार्गी लागलं. समजा तीन डाव आधी जिंकेल त्याचा ढीग असं ठरलंय, एकाचे दोन झालेत, दुसऱ्याचा एक, आणि लाइट गेली. अडाणी माणूस म्हणेल दोनास एक वाटा. नाना म्हणतात, झालेलं मोजू नका, व्हायचं होतं ते मोजा. मागे पडलेल्याला पुढचे दोन्ही डाव मारायला हवेत. त्याची शक्यता पाव. म्हणून वाटणी तिनास एक. ढिगात चौसष्ट शेंगा असतील तर अठ्ठेचाळीस आणि सोळा.

हे त्यांनी अंधारात समजावलं. मेणबत्ती लागली तेव्हा सतरंजीवर फोलपटं होती. आबा म्हणाले, “नाना, तुमच्या त्या दोघांनी पत्रं लिहीस्तवर ढीग कुनाकडं ठेवला हुता?”

एवढं गणित करून नाना जिंकतात किती? इतरांइतकंच. चौघांत बसले तर चारातला साधारण एक डाव त्यांचा, आणि ते हा आपल्या शास्त्राचा विजय मानतात. “मी जास्त जिंकू लागलो तर समजा, पिसण्यात गडबड आहे.” या वाक्याला उत्तर नाही. मेंढीकोटात त्यांचा जोडीदार व्हायला मात्र कुणी तयार नसतं. मेंढीकोटात चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, पकडायच्या. भोळ्या माणसाला वाटतं, चौघांना एकेक येत असेल. नाना सांगतात, तसं दहात जेमतेम एकदा होतं. उलट हातात एकही दश्शी नसण्याचा प्रसंग दहात तीनदा येतो. सांगतात ते खरं असतं, पण सांगतात तेव्हा जोडीदाराची उतारी असते.

एकदा तीन मेंढ्या पडल्या होत्या, चौथी किलवरची राहिली होती. ती नानांकडे नव्हती. नानांनी ओठ हलवले. “उरले तिघे. तिघांना सारखी संधी. म्हणजे विरोधी जोडीकडे असण्याची शक्यता दोन तृतीयांश.” जोडीदार आबा होते. ते म्हणाले, “दोन तृतीयांश कशाला? बुवांकडं हाय. बुवांनी मघापासनं शेंग सोललीय, पर तोंडात टाकली नाय.” बुवांनी घाईघाईने दाणा तोंडात टाकला आणि मेंढी गेली. तीस वर्षं बिनतिकिटाचा माणूस गर्दीतून नजरेने वेचलेल्या माणसापुढे संभाव्यतेचं शास्त्र काय करणार? नाना विचार करून म्हणाले, “हे धरून शक्यता पंच्याण्णव टक्के होती.” बुवा मेंढी गमावून बसले होते, तरी नानांचे पाच टक्के शिल्लकच.

पत्ते आवरले म्हणून टक्के आवरत नाहीत. बोगदा व्हायच्या आधी नानांना घाट पुरायचा. कशेडीत ट्रक आडवा पडण्याची शक्यता, धुक्याची शक्यता, मुंबईहून निघालेली गाडी न्याहारीला पोचेल की जेवणाला याची शक्यता. लोक विचारायचे, नाना सांगायचे, गाडी यायची तेव्हा यायची. 2023 च्या गणपतीआधी बोगद्याची एक बाजू उघडली आणि घाटातला पाऊण तास दहा मिनिटांवर आला. सारी वाडी खूश, एकटे नाना खिन्न. दोन किलोमीटरच्या सरळ भोकात शक्यता ती काय उरणार? मग त्यांनी मोर्चा लग्नांकडे वळवला. मुलीकडची माणसं घरात बसलेली, पोहे पुढे आलेले, आणि नाना हळूच म्हणाले, “जमण्याची शक्यता चाळीस टक्के.” ती लगेच शून्य झाली. तरीही नाना बरोबर, कारण साठ टक्के त्यांनी राखूनच ठेवले होते.

एका बाबतीत मात्र ते तोंड उघडत नाहीत. पावसाळ्यात सावित्री फुगली, महाडहून फोन येऊ लागले, की कुणीतरी नवखा विचारतो, “नाना, पाणी चढंल का?” नाना उठून आत जातात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्या फेऱ्यांच्या रस्त्यावर आबांची नोकरी झालेली. पुढे कितीतरी दिवस आबा पत्त्यांना आले नाहीत. नाना त्यांच्या ओटीवर जाऊन बसत, सोबत गड्डी नेत नसत, आकडाही काढत नसत. मी एकदा त्याबद्दल विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाले, “कचेरीत हजाराचा तक्ता होता. इथे नावं आहेत.” आबांकडून इतक्यांदा हरूनही दोघांची जोडी का फुटत नाही, ते मला त्या दिवशी समजलं.

यंदाच्या गणपतीत मात्र नानांवर बालंट आलं. ते आणलं पुतण्याने. तो लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकतो. सुरुवात तात्यांनी केली होती. नाना म्हणाले, “उद्या पाऊस, सत्तर टक्के.” तात्यांनी दुकानातली शेंगांची पाटी पुढे ओढली. “मग लावा सत्तर शेंगा. माझ्या तीस. पाऊस आला तर समद्या तुमच्या.” सौदा गणिताने अगदी रास्त होता. नानांनी आभाळाकडे बघितलं, शेंगांकडे बघितलं, आणि म्हणाले, “पंचावन्न धरू.” पुतण्याने हे टिपलं. टक्के तोंडाचे होते तोवर सत्तर होते, शेंगांचे झाल्याबरोबर पंचावन्न झाले.

त्याने वही घातली. काकांचा प्रत्येक टक्का लिहायचा आणि पुढे काय झालं ते शेजारी लिहायचं. एकेका टक्क्यावर माणूस चुकला म्हणता येत नाही हे त्यालाही मान्य होतं. पण शंभर टक्क्यांची रास पडली की म्हणता येतं. जिथे जिथे काका ‘सत्तर’ म्हणाले, ते सगळे प्रसंग एकत्र काढायचे. त्यांतले दहापैकी सात खरे व्हायला हवेत. नव्वद म्हणाले तिथे दहापैकी नऊ. नानांना हे इतकं आवडलं, की त्यांनी स्वतः वहीला रकाने आखून दिले: पत्ते, पाऊस, गाड्या, माणसं. दीड दिवसांचे गणपती गेले, गौरी आल्या, गौरी गेल्या, वही भरत राहिली. वाडीत कुणी शिंकलं तरी नाना आधी टक्का सांगत आणि पुतण्याने लिहिला की नाही ते बघत.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री ओटीवर वाचन झालं. बुवांनी भजन आटोपतं घेतलं. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

“पत्ते,” पुतण्या म्हणाला, “जवळजवळ तंतोतंत.” नानांनी आबांकडे पाहिलं.

“पाऊस, बरा.” तात्या म्हणाले, “भादव्यात पोलादपुरात पाऊस पडंल म्हनायला विमा कचेरी कशाला पायजे?”

“गाड्या, साधारण.” आबांनी एसटीच्या वतीने मान खाली घातली.

“माणसं.” पुतण्या घुटमळला. “काका, माणसांबद्दल तुम्ही जिथे जिथे नव्वद टक्के म्हणालात, तिथे निम्म्याहून कमी वेळा खरं झालं. बुवांकडे एक्का नाही म्हणालात, होता. तात्या उधारी देणार नाहीत म्हणालात, दिली. काकी रागावणार नाही म्हणालात—”

“पुढे,” नाना म्हणाले.

“काकींचं एकही बरोबर आलेलं नाही.”

ओटीवर शांतता पसरली. नानांनी वही मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. सगळ्यांना वाटलं, आता सापडले. नानांनी वही मिटली.

“नमुना लहान आहे.”

“किती पायजे?” तात्यांनी विचारलं.

“अशा हजारेक नोंदी तरी.”

“म्हंजे किती गणपती?”

“माणसांचा रकाना धरला तर वीस-पंचवीस.”

“आन् तोवर तुम्ही—”

“माझ्या वयाला तक्त्याप्रमाणे,” नाना उत्साहाने सुरू झाले, पण माजघरातून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला आणि तक्ता तिथेच थांबला.

आबा सरसावून बसले. बिनतिकिटाच्या माणसाशी बोलावं तसं, आवाज न चढवता, म्हणाले, “नाना, नमुना ऱ्हाऊ दे, गणपती ऱ्हाऊ दे. एक सांगा. चुकलात का?”

“चुकलो असण्याची शक्यता,” नाना म्हणाले, “नाकारता येत नाही.”

“किती?”

नानांचे डोळे अर्धे मिटले. ओठ हलू लागले. अंगठा पेरांवरून फिरू लागला. बुवांनी शेंग सोलली आणि तोंडात टाकली नाही.

“दोन टक्के.”

काकी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कप ठेवले आणि पुतण्याला म्हणाल्या, “लिही रे बाळा, आणि खाली तारीख घाल. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच एवढे निघालेत यांच्या तोंडून.”

“अगं, दोन हे ढोबळ,” नाना म्हणाले. “नेमके एक पूर्णांक आठ.”